फ्यूजच्या जागी तांब्याची तार

पुण्याच्या जुन्या बाजारातून एका रविवारी मी वीस इंची रंगीत टीव्ही घरी आणला. लाकडी कॅबिनेट, पुढे दोन्ही बाजूंनी सरकणारं शटर, मागे फिकट झालेल्या लेबलवर 1984 साल. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, 1982 मध्ये, आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झालं. त्यानंतरच्या अगदी पहिल्या काळातला हा सेट. घरी येऊन मागचं कव्हर उघडलं आणि जीव कळवळला. तुटलेल्या प्रिंटवरून आडव्यातिडव्या टाकलेल्या वायरी, काळपट सोल्डरचे गोळे, एका कंडेन्सरला चिकटपट्टी, फ्यूजच्या जागी तांब्याची तार, पिक्चर ट्यूबच्या मानेजवळ काडेपेटीचा पुठ्ठा. चाळीस वर्षांत कितीतरी हात यावरून फिरले होते आणि त्यांतला एकही मला धड वाटेना.

मामाला बोलावलं. तपकीर गल्लीच्या जवळ त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान पस्तीस वर्षं होतं. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले ते त्याच्याच दुकानात स्टुलावर बसून बघितलेल्या कामामुळे. तरीही त्या दिवशी आमचं जमेना. पुढे तीन रविवार आम्ही त्या सेटसमोर बसलो. तेव्हा जे बोललो, ते आठवून इथे मांडते आहे.

मी : मामा, माझं ठरलंय. मागच्या लोकांनी केलेलं सगळं काढायचं. सर्किट डायग्रॅम मिळालाय. कारखान्यातून बाहेर पडला त्या दिवशी जसा होता, तसा करायचा.

मामा : त्या दिवशी तो कसा होता, हे तुला कुठे माहीत आहे?

मी : डायग्रॅममध्ये सगळं आहे की.

मामा : डायग्रॅममध्ये ठरवलेलं असतं, घडलेलं नसतं. तेव्हा कितीतरी पार्ट बाहेरून यायचे. ठरलेला नाही आला, तर कारखान्यातच दुसरा बसायचा. त्यामुळे बोर्डावर दिसणारी प्रत्येक परकी वस्तू मेकॅनिकने घुसवली, असं धरून चालू नकोस. आधी बघू. हात लावायच्या आधी फोटो काढ, आणि काय दिसतंय ते वहीत लिहून घे.

मी : बघायचं म्हणजे चालू करून?

मामा : अजिबात नाही! चाळीस वर्षांचा सेट, त्यात फ्यूज नाही. सरळ प्लगमध्ये खुपसलास तर धूर बघशील. ही चॅसिस हॉट आहे. 230 व्होल्टचा एसी ब्रिज रेक्टिफायरमधून जाऊन मोठ्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी होतो. मध्ये ट्रान्सफॉर्मर नाही. म्हणजे प्लग कसाही लावला तरी चॅसिसला हात लागला की झटका. आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, मग सिरीजमध्ये शंभर वॉटचा बल्ब. बल्ब भपकन लागून मंद झाला तर पुढे जायचं. तसाच पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करायचं.

मी : आणि ट्यूब?

मामा : ट्यूब हा स्वतःच एक कंडेन्सर आहे. काचेला आतून एक लेप, बाहेरून काळा लेप, मध्ये काच. चालू असताना त्यावर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही बराच वेळ राहतात. कॅपखाली हात घालायच्या आधी डिस्चार्ज करायची. अर्थिंग बाहेरच्या लेपावरच्या वेणीला द्यायचं, बोर्डावर कुठेतरी नाही.

अर्धा तास मामा नुसता भिंगातून बघत होता. मी वहीत उतरवत होते.

मी : बघ, ही तांब्याची तार. याहून वाईट दुरुस्ती कुठली असेल? ज्याने केली त्याला मेकॅनिक कसं म्हणायचं?

मामा : कदाचित मेकॅनिकने केलीच नसेल. 1987 च्या जानेवारीत रविवारी सकाळी रामायण सुरू झालं, तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्याकडे अख्खी आळी जमायची. म्हाताऱ्या बायका पुढे सतरंजीवर, पोरं खिडकीत. त्यात व्होल्टेज वरखाली झालं आणि फ्यूज उडाला, तर घरच्या कर्त्या माणसाने काय करावं? रविवारी दुकानं बंद. त्याने वायरीतली एक तार सोलली आणि गुंडाळली. त्या माणसाला मी शिव्या देणार नाही.

मी : पण म्हणून ती तार बरोबर ठरते का?

मामा : नाही. ती तार मी या क्षणी काढणार आहे. माणसाला समजून घेणं वेगळं आणि तार ठेवणं वेगळं. फ्यूज उडतो तेव्हा तो सांगत असतो की मागे काहीतरी बिघडलंय. या तारेने त्याचं तोंड बंद केलं. एकदाचं रामायण झालं, पण सोमवारी ती कोणी बदलली नाही. मग पुढची कित्येक वर्षं हा सेट कुठलाही बिघाड सांगू शकत नव्हता. थेट जळू शकत होता.

मी : मग आपण एकाच बाजूला आहोत.

मामा : या तारेपुरते. पुढे चल.

पुढे लाइन आउटपुटचा भाग होता. धातूच्या पट्टीवर बसवलेला बीयू208 जातीचा ट्रान्झिस्टर, शेजारी लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे एलओटी, आणि त्यांच्यामध्ये एक कंडेन्सर. बोर्डावर छापलेल्या किमतीपेक्षा त्याची किंमत कमी होती, आणि व्होल्टेज तर निम्म्याहून कमी.

मी : हा ट्रान्झिस्टर किती वेळा बदललाय, ते सोल्डरवरून कळतंय. प्रिंट पार उचकटलीय.

मामा : तो पुन्हा पुन्हा का जात होता, ते सांग.

मी : या कंडेन्सरमुळे. एका सेकंदाला 15,625 वेळा किरण पडद्याच्या उजव्या टोकाकडून डाव्या टोकाला परत उडी मारतो. त्या उडीच्या वेळी एलओटी, योक आणि हा कंडेन्सर मिळून झोका घेतात. कंडेन्सर लहान केला की झोका आखूड आणि उंच होतो. ट्रान्झिस्टरची सहनशक्ती 1500 व्होल्टची. झोका त्याच्या वर गेला की तो गेला.

मामा : आणि दुसरं?

मी : ईएचटी, म्हणजे ट्यूबवरचा तो हजारो व्होल्टचा दाब, वाढतो. ट्यूबला ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर.

मामा : ईएचटी वाढला की एक्स-रे वाढतात. 1967 साली अमेरिकेत मोठ्या पडद्याच्या रंगीत टीव्हींतून किरणोत्सार होत असल्याचं आढळलं आणि हजारो सेट दुरुस्तीसाठी परत बोलवावे लागले. 1968 ला तिथे कायदा झाला. पडद्यापासून पाच सेंटिमीटरवर तासाला अर्ध्या मिलिरोंटगेनपेक्षा जास्त नको, अशी मर्यादा ठरली. म्हणून या कंडेन्सरला मी कधी हलक्यात घेतलं नाही. चित्र थोडं आखूड झालंय, उजेडही जास्त आहे, घरचे खूश आहेत. पण घरात पोरं पडद्याला नाक लावून बसलीत. ज्याने हा बसवला, त्याला त्या किमतीचा मिळाला नसेल हे मी मानतो. पण लाइन आउटपुटच्या कंडेन्सरला पर्याय चालत नाही, हे त्याला माहीत असायला हवं होतं. इथे माझी सहानुभूती संपते.

मी : मला वाटलं होतं, तू सगळ्यांचीच बाजू घेणार.

मामा : मी बाजू कोणाची घेत नाही. प्रत्येक दुरुस्तीला मी एकच प्रश्न विचारतो. ती दगा देईल तेव्हा काय होईल? चित्र बिघडेल, की घर पेटेल?

दुसऱ्या रविवारी खरा वाद पेटला. एलओटीच्या फेराइटच्या गाभ्याभोवती कोणीतरी साध्या हिरव्या वायरचे वेढे घातले होते, आणि त्यांची दोन टोकं सरळ ट्यूबच्या बेसवर फिलामेंटच्या पिनांना जोडली होती. मूळचं कनेक्शन कापलेलं होतं.

मी : हे मात्र आता काढतेच. मूळच्या ट्रान्सफॉर्मरवर हिरवी वायर!

मामा : थांब! हात लावू नकोस. अगं, या सेटमधलं सगळ्यात चांगलं काम आहे ते.

मी : हे?

मामा : बोर्डावरून फिलामेंट जोडून बघ, मंद करून. काय दिसतं?

मी : सगळा पडदा लाल. आणि त्यावर तिरक्या पांढरट रेषा.

मामा : लाल गनचं फिलामेंट आतल्या आत कॅथोडला चिकटलंय. बोर्डावरचं फिलामेंट जमिनीला जोडलेलं, म्हणून कॅथोडही जमिनीला खेचला जातो आणि लाल गन पूर्ण उघडते. नियमाने ट्यूब बाद. पण या माणसाने काय केलं? फिलामेंटला जमिनीपासून सोडवलं. एलओटीवर वेगळे वेढे घेऊन त्याला स्वतंत्र वीज दिली. आता ते कॅथोडला चिकटलेलं असलं तरी कोणाला खेचत नाही, कॅथोडबरोबर तरंगत राहतं. चित्राची धार थोडी बोथट होते, एवढंच. त्याने एक ट्यूब वाचवली. त्या काळात नवीन ट्यूब म्हणजे सेटच्या किमतीचा मोठा हिस्सा. आणि आज? घरगुती टीव्हीची रंगीत पिक्चर ट्यूब आता कुठे बनत नाही. तू हे वेढे काढलेस तर तुझा 'मूळचा' सेट लाल पडदा दाखवेल.

मी गप्प झाले. डायग्रॅम समोर होता आणि त्यात या वेढ्यांना जागा नव्हती. तरी एक गोष्ट मला खटकत होती.

मी : वेढे किती घ्यायचे, हे त्याने कसं ठरवलं?

मामा : डोळ्यांनी. फिलामेंटचा रंग बघून. आम्ही सगळे तसंच करायचो. साधा मल्टिमीटर तिथे खरं सांगत नाही, कारण ती नेहमीची वीज नसते, सुयांसारखे ठोके असतात.

मी : माझा ऑसिलोस्कोप खरं सांगेल. थांब... मामा, 6.3 व्होल्ट पाहिजेत आणि इथे साडेसातच्या घरात आहेत.

मामा : इतके?

मी : हो. म्हणजे हुशारी त्याची, पण फिलामेंट इतकी वर्षं जास्त तापत राहिलं. कॅथोडचा लेप अशानेच झिजतो. ज्याने ट्यूब वाचवली, त्यानेच ती हळूहळू संपवली.

मामा : किंवा मुद्दाम जास्त ठेवलं असेल. ट्यूब म्हातारी झाली की चित्र अंधुक होतं. फिलामेंट थोडं जास्त तापवलं की उजेड परत येतो. 'बूस्ट करून देतो' म्हणायचे.

मी : तूही म्हणायचास?

मामा : म्हणायचो.

मी : आणि गिऱ्हाइकाला सांगायचास का, की हा उजेड उसना आहे? वर्ष-दोन वर्षांनी ट्यूब कायमची जाईल म्हणून?

मामा बराच वेळ सोल्डरिंग आयर्नच्या टोकाकडे बघत बसला.

मामा : काहींना सांगितलं. सगळ्यांना नाही. ज्यांच्याकडे नवीन ट्यूबचे पैसे नव्हते, त्यांना सांगून काय करणार असं वाटायचं. पण ते मी ठरवायला नको होतं. सेट त्यांचा होता.

मी : मला तुमच्या पिढीचा राग आहे तो इथे. हातात साधनं नव्हती, पार्ट मिळत नव्हते, डायग्रॅम मिळाला तरी पुसट झेरॉक्स, हे सगळं मला समजतं. त्यातून तुम्ही लाखो घरांतले सेट चालू ठेवलेत, ही लहान गोष्ट नाही. पण कोणी काही लिहून ठेवलं नाही. ट्यूब उसन्या उजेडावर चाललीय, असं कव्हरच्या आत पेन्सिलने एक ओळ लिहायला काय लागत होतं? पुढचा माणूस येतो तो आंधळ्यासारखा. मग तो आणखी एक जोड टाकतो. अशी थरावर थर चढलेली कामं आहेत ही.

मामा : लिहिलं तर पुढच्या मेकॅनिकला आपली युक्ती कळेल, अशीही भीती असायची. पोटाचा प्रश्न होता. पण तुझं म्हणणं खरं आहे. तांब्याच्या तारेचा दोष तोच आणि या वेढ्यांचा दोषही तोच. दोघांनीही काहीतरी लपवलं.

वेढे आम्ही ठेवले. हिरवी वायर काढून जाड स्लीव्हची घातली, कारण शेजारी हजारो व्होल्ट आहेत आणि जुनं आवरण कडक झालं होतं. सोबत एक छोटा रेझिस्टन्स टाकून व्होल्टेज 6.3 वर आणलं. चित्र किंचित मंद झालं. मामा म्हणाला, म्हातारीला तिच्या वयाचा उजेड शोभतो.

मग पुठ्ठ्याकडे वळलो. योक ट्यूबवर नेमक्या कोनात बसावा म्हणून त्याच्या कडेला रबराच्या पाचरी असतात. तीन रंगांचे तीन किरण कडेलाही एकाच ठिपक्यावर पडावेत, ते या कोनावर ठरतं. एक पाचर गेली होती. तिच्या जागी काडेपेटीचा घडी घातलेला पुठ्ठा होता, वर डिंक. मी जाळीचा पॅटर्न लावला. त्या कोपऱ्यात लाल, हिरवी, निळी रेषा एकावर एक बसलेली होती.

मी : हे तर अचूक आहे!

मामा : ज्याने लावलं त्याने आरसा समोर धरून, मागे हात घालून, तासभर खटपट केली असेल. पुठ्ठा पावसाळ्यात फुगतो, म्हणून बदलायला हरकत नाही. पण बदलताना कोन हलला तर तुला पुन्हा तासभर लागेल.

मी : आणि दगा दिला तर?

मामा : कोपऱ्यात अक्षरांना लाल कड दिसेल. एवढंच.

मी : मग राहू दे.

तिसरा रविवार रंगांचा होता. चेहरे ठीक दिसत होते, पण गडद लाल भागात बारीक आडव्या पट्ट्या येत होत्या, पडदा विणलेला असावा तशा.

मी : हॅनोव्हर बार. डिले लाइनच्या कॉइलचा कोअर कोणीतरी फिरवलाय. एकाला तर तडाही गेलाय.

मामा : भलत्याच ठिकाणचा बिघाड शोधताना फिरवला असणार. बिघाड कुठे आहे कळलं नाही की माणूस जे फिरतं ते फिरवतो. माझ्या दुकानात पोरांना मी पहिला नियम हा शिकवला. कोअरला किंवा प्रीसेटला हात लावायच्या आधी नेलपॉलिशची खूण करायची, म्हणजे परत यायची वाट राहते.

मी : मला ही पॅल पद्धत फार आवडते, मामा. जर्मनीत टेलिफुंकेनच्या वाल्टर ब्रुख यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ती बसवली. वाटेत रंग बदलणार, हे ते धरूनच चालले. म्हणून एका ओळीआड रंगाच्या एका भागाची दिशा उलटी करून पाठवायची. म्हणजे वाटेत चूक झाली, तर एका ओळीत ती एकीकडे झुकते आणि पुढच्या ओळीत दुसरीकडे.

मामा : आणि ही डिले लाइन, हा काचेचा तुकडा, आधीची ओळ ध्वनिलहरीच्या रूपात जवळजवळ चौसष्ट मायक्रोसेकंद रोखून धरतो. मग दोन्ही ओळी एकत्र होतात आणि दोघींच्या चुका एकमेकींना खातात. रंग खरा येतो, फक्त थोडा फिका होतो. पण दोन ओळींचं माप सारखं नसेल, तर त्या जुळत नाहीत आणि या पट्ट्या दिसतात.

कलर बार लावून आम्ही कोअर बसवले. मामाचा हात आणि माझा स्कोप. एका क्षणी पट्ट्या विरून गेल्या आणि लाल पट्टा अखंड झाला. तीन रविवार आम्ही दोघं तेच करत होतो, असं मला त्या क्षणी वाटलं. माझी ओळ एकीकडे झुकलेली, त्याची दुसरीकडे. मला पहिल्या दिवसाचा सेट हवा होता आणि तसा दिवस उरलेलाच नव्हता. त्याला चालणारा सेट पुरेसा होता, आणि नुसतं चालणं किती फसवं असतं हे मोजल्यावर कळलं.

मी : म्हणजे वाईट दुरुस्ती कशाला म्हणायचं, ते आता मला सांगता येईल. ओबडधोबड असते तिला नाही. जी यंत्राचा इशारा बंद करते, तिला. आणि जी पुढच्या हातापासून स्वतःला लपवते, तिला.

मामा : आणि ज्याच्या घरी सेट आहे, त्याच्यापासूनही.

सिंहगडावरून येणारा तो जुना ॲनालॉग सिग्नल आता हवेत नाही. म्हणून सेट-टॉप बॉक्सचा सिग्नल मॉड्युलेटरमधून आणून अँटेनाच्या जागी दिला. चित्र आलं. कडा थोड्या मऊ, उजेड बेताचा, रंग अगदी खरे.

कव्हर लावण्याआधी मी एक जाड कार्ड कापलं आणि त्यावर तारखेसह सगळं लिहिलं. फ्यूज छापलेल्या किमतीचाच बसवला आहे, तांब्याची तार काढली. लाइन आउटपुटचा कंडेन्सर मूळ किमतीचा आणि मूळ व्होल्टेजचा, तिथे पर्याय लावू नये. पॉवर सप्लायचे सुकलेले चार कंडेन्सर एकेक करून, प्रत्येक वेळी सेट तपासून बदलले. योकच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातला पुठ्ठा मुद्दाम ठेवला आहे, हलवू नये. लाल गनमध्ये फिलामेंट-कॅथोड शॉर्ट आहे, एलओटीवरचे वेढे काढू नयेत, व्होल्टेज 6.3 च्या वर नेऊ नये.

कार्ड वाचून मामाने पेन मागितलं. खाली त्याच्या दुकानातल्या बिलांवर असायचं तशा तिरक्या अक्षरात त्याने एक ओळ लिहिली आणि कार्ड कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलं.

'पहिले वेढे आमच्या आधीच्या कारागिराने घातले. त्याचं नाव ठाऊक नाही. ट्यूब त्याने वाचवली.'